बियाणं शुद्ध होतं

जयपूर हे काही कापसाचं गाव नव्हे. इथे कापूस दिसतो तो रजईत, नाहीतर बगरूच्या छापील कापडाच्या ताग्यांत. उभं पीक बघायचं तर श्रीगंगानगरकडे जावं, नाहीतर सरळ आमच्या अकोल्याकडे. तरीही माझी ऐन उमेदीची वर्षं जयपूरच्या पूर्वेला, कानोत्याच्या रस्त्यावरच्या एका संशोधन संस्थेच्या कुंपणात उभ्या केलेल्या कापसात गेली. त्या कापसापायी मी एका माणसाचं जे केलं, ते आजवर कुणाला धड सांगितलेलं नाही. आईला अर्धं ठाऊक आहे. प्रकल्प चालवणाऱ्या आमच्या सरांना सगळं ठाऊक आहे, पण त्यांनी ते विसरायचं ठरवलंय, आणि ठरवलेल्या गोष्टी त्यांना जमतात. मला जमत नाहीत, म्हणून हे लिहिते आहे.

वडील रेल्वेत होते. मी सहावीत असताना त्यांची बदली इथे झाली आणि आम्ही इथलेच होऊन राहिलो. ते गेल्यावर मी आणि आई जगतपुऱ्याच्या फ्लॅटमध्ये दोघीच. शाळेनं मला हिंदी दिली, इंग्रजी दिली, पण घरात आईची वऱ्हाडी कधी हटली नाही. ती कापसाच्या झाडाला अजून पऱ्हाटी म्हणते. मी कापसावर संशोधन करणार हे कळल्यावर ती म्हणाली होती, "पऱ्हाटी पाह्यले इतकं शिकलीस का वं? ते तं तुह्या आज्यानंही पाह्यली होती." मला तेव्हा राग आला होता. आता वाटतं, आज्यानं माझ्याहून बरी पाहिली असणार.

काम काय होतं ते सांगते, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. कापसाचे दोन वाण घ्यायचे. एकाचा धागा आखूड पण चिवट, रंगानं मातकट. दुसऱ्याचा लांब, मऊ, पांढराशुभ्र, पण ताण दिला की तुटणारा. त्यांचा संकर करायचा आणि त्या संकराच्या लेकरा-नातवंडांतून, दर झाडाचं एकच बी पुढे नेत, आठ पिढ्या चालवायच्या. शेवटी हातात एकशे साठ कुळं आली. एका कुळातली झाडं सगळी एकसारखी, पण दोन मूळ वाणांचं देणं प्रत्येक कुळात निराळं वाटलेलं. मग एकीकडे प्रत्येक कुळाच्या रुईची लांबी, ताकद, तलमपणा मोजायचा, आणि दुसरीकडे त्याच कुळाच्या पानांतून डीएनए काढून कोणता तुकडा कुठल्या वाणाचा आहे ते पाहायचं. दोन्ही याद्या शेजारी-शेजारी मांडल्या की संगणक दाखवतो, धाग्याची ताकद कुठल्या गुणसूत्राच्या कुठल्या जागेवर बसली आहे. ह्याला आमच्यात नकाशा म्हणतात. ती जागा कळली की नवा वाण काढणाऱ्याला बोंड फुटेपर्यंत थांबावं लागत नाही, कोवळ्या रोपाचं पान पाहूनच निवड करता येते.

ह्या सगळ्यात एकच गोष्ट जिवापाड सांभाळायची असते. कुळ नंबर चोवीसचं बी चोवीसच्याच पिशवीत राहिलं पाहिजे. एक सरकी इकडची तिकडे झाली की आठ वर्षं पाण्यात.

ते सांभाळणारे काकाजी होते. काकाजी म्हणजे आमच्या शेतावरचे मदतनीस. वयानं पंचावन्नच्या पुढचे, अंगानं वाळलेले, कानोत्याच्या धरणाअलीकडच्या एका गावात राहणारे. एकोणीस वर्षं ते कंत्राटावर होते. दर मे महिन्यात एक पत्र निघे आणि त्यांचं आणखी एक वर्ष सुरू होई. हा प्रकल्प तडीला गेला की त्यांचं नाव कायम करण्यासाठी वर पाठवीन, असं सरांनी कबूल केलं होतं. मी पाचव्या पिढीला रुजू झाले. आधीच्या चार पिढ्या त्यांनी एकट्यानं ओढल्या होत्या. उद्या उमलणारी प्रत्येक पाती, म्हणजे कळी, आदल्या संध्याकाळी शोधायची आणि तिच्या टोकाला ओल्या मातीचा थेंब लावून ती बंद करायची, म्हणजे मधमाशी परक्या झाडाचे पराग आत नेणार नाही, हे त्यांचं रोजचं काम. सरकी काढायच्या छोट्या यंत्रावर एक पिशवी झाली की ते रुळावर ब्रश फिरवत, फुंकर मारत, मग दोन्ही तळहात उघडून मला दाखवत आणि म्हणत, "बघा, रिकामे." मी मान हलवली तरच पुढची पिशवी उघडायची. सुरुवातीला मला हे नाटक वाटे. एकदा मी मोबाइलमध्ये डोकं घालून बसले होते, तर ते तळहात उघडे धरून तसेच उभे राहिले. मी वर पाहीपर्यंत हलले नाहीत.

हे वळण त्यांना घरातून लागलं होतं. त्यांचे वडील तेव्हा ऐंशी ओलांडलेले. त्यांच्या घरी पेरणीचं बियाणं थोरल्या मुलाच्या हातून घ्यायची रीत होती. पेरणीच्या दिवशी म्हातारबा आपला डोक्यावरचा साफा उलगडून त्याचं टोक पुढे धरत आणि काकाजी त्यात बाजरी ओतत, थंडीच्या पिकाला मोहरी ओतत. म्हातारबा मूठभर हातात घेऊन पाहत, मगच तिफणीकडे जात. त्यासाठी काकाजी वर्षातून दोनदा अर्धी रजा मागत आणि सर दोनदा कुरकुरत. "जमीन धाकट्यालाही मिळते," ते मला म्हणाले होते, "पण बियाणं ज्याच्या हातचं घेतात तोच घरातला थोरला." ते इथली ढूंढाडी बोली मिसळलेली हिंदी बोलत, मी इथे आपल्या मराठीत सांगते आहे. गावातली आणखी चार-सहा घरं त्यांच्या हातचं बियाणं नेत. ह्या गोष्टीचा त्यांना नोकरीपेक्षा जास्त अभिमान होता, आणि तो ते लपवतही नसत.

शेवटच्या पिढीची पेरणी मे महिन्यात झाली. आठ ओळी, दर ओळीत वीस कुळं. आमच्याकडे पेरणी नागमोडी होते. पहिली ओळ पाटाकडून भिंतीकडे गेली की दुसरी भिंतीकडून पाटाकडे येते. कारण साधं आहे, टोकाला पोचलेला माणूस तिथूनच वळतो, रिकाम्या हातानं परत कोण चालत येणार? म्हणजे दुसऱ्या ओळीचे आकडे उलटे येतात, चौथीचे उलटे, सहावीचे, आठवीचे. शेताच्या नकाशात त्यासाठी बाण काढलेले असतात. शिवाय प्रत्येक कुळापाशी एक पाटी असते, त्यामुळे चुकायला तसा वाव नसतो.

जूनमध्ये धुळीची आंधी आली आणि पाट्या उडाल्या. काकाजींनी त्या वेचून पोत्यात भरल्या. पण त्यांच्या बहिणीकडे लग्न होतं आणि भावाला मायरा, म्हणजे मामाकडचा आहेर, घेऊन जाणं चुकवता येत नाही. ते म्हणाले, "परवा येतो, नकाशावरून पाट्या लावतो, मग पानं घ्या. दोन दिवसांनी पानं काही म्हातारी होत नाहीत."

दुसऱ्याच दिवशी द्रव नायट्रोजनचं कॅन आलं. पानं तोडल्याबरोबर त्यात गोठवावी लागतात, आणि ते वायू होऊन उडून जातं, कुणाची वाट पाहत नाही. पुन्हा मागवायचं तर महिनाभर खेटे. मी ठरवलं, आपणच घेऊ. ओळींच्या तोंडाशी सिमेंटचे खांब होते, त्यांवर रंगवलेलं होतं: एक ते वीस, एकवीस ते चाळीस. मी प्रत्येक ओळ खांबापासून सुरू केली आणि मोजत गेले. आठही ओळी पाटाच्या बाजूनं. ऊन असं होतं की चिमट्याला हात लावला तर चटका बसे. शेताचा नकाशा माझ्या पिशवीत होता. मी तो उघडला नाही. चार वर्षं ह्या शेतात काढलेल्या बाईनं आकडे मोजायला नकाशा उघडायचा, ह्याचीच मला लाज वाटली असावी.

काकाजी परत आले. पाट्या लावताना त्यांनी विचारलं, "नकाशा बघून घेतलीत ना पानं?" मी म्हटलं, "मग काय!" ते समाधानानं कामाला लागले.

पुढे वेचणी त्यांच्या पाट्यांवरून झाली, रुई मोजून आली, डीएनएची यादी आली, आणि मार्चमध्ये गुणसूत्रांचा नकाशा काढला तेव्हा हाती काहीच लागलं नाही. ताकदीची जागा नाही, लांबीची नाही. आलेखात जिथे डोंगर दिसायला हवा तिथे दोन-तीन टेकाडं, तीही हिशेबात न धरण्याजोगी. सरांनी मग मातकट रंग तपासला. रुईचा रंग साधा असतो, एकाच जागेवर ठाम बसलेला, तो चुकायचं कारण नाही. पण चाळीसेक कुळांचं पान एक सांगत होतं आणि रुई दुसरंच. सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "बियाणं मिसळलंय."

मी समोरच होते. मला त्या क्षणी ते पटलं. जूनचा तो दिवस आठवला नाही, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. खरं म्हणजे आठवला होता, एक पापणी लवेपर्यंत. पण सर बोलत होते आणि त्यांचं बोट माझ्याकडे नव्हतं.

काकाजींना बोलावलं. ते उभ्याउभ्या ऐकत राहिले. "माझ्या हातून नाही," एवढंच म्हणाले, आणि सवयीनं दोन्ही तळहात थोडे वर आले. सर म्हणाले, हाताचं काय बघू, आकडे समोर आहेत. मे महिन्यात दरवर्षीसारखं पत्र निघालं, पण वेगळं: बियाणं हाताळताना झालेल्या भेसळीमुळे कंत्राट पुढे वाढवता येत नाही. पत्र हिंदीत हवं होतं आणि सरांना हिंदी टाइप करता येत नाही. टाइप मी केलं. खाली सरांची सही आणि संस्थेचा गोल शिक्का. काकाजींनी ते दोनदा वाचलं, खिशात ठेवलं, यंत्राचा ब्रश जागेवर लटकवला आणि गेले.

जूनमध्ये मला त्याच संस्थेत कायमची जागा मिळाली. कायमची म्हणजे एक वर्ष परीक्षेवर, वर्षाअखेर सरांचा अहवाल चांगला गेला की पक्की. आईनं शेजारी पेढे वाटले.

ऑक्टोबरात मी त्या फसलेल्या प्रकल्पाचा अहवाल लिहायला घेतला. रंग आणि पान ज्यांचं जुळत नव्हतं त्या कुळांची यादी केली आणि सहज चढत्या क्रमानं मांडली. एकवीस ते चाळीस ह्यांच्यातली होती. एकसष्ट ते ऐंशीमधली होती. पुढेही तसंच. पण एक ते वीसमध्ये एकही नाही, एकेचाळीस ते साठमध्ये एकही नाही. भेसळ झाली असती तर ती सगळीकडे पसरली असती. भेसळ अशी एक ओळ सोडून एक होत नाही. चुकलेल्या ओळी नेमक्या त्याच, भिंतीकडून पाटाकडे पेरलेल्या, आणि मी आठही ओळी पाटाकडूनच मोजल्या होत्या. मग त्या चार ओळींचे आकडे मी संगणकात उलटे केले आणि नकाशा पुन्हा काढला. रंग आपल्या जागी जाऊन बसला. आणि त्याच्यापासून लांब, दुसऱ्याच गुणसूत्रावर, ताकदीचा डोंगर उभा राहिला. इतका सुबक की त्याच्याकडे बघवेना. आठ वर्षं त्या माणसानं मातीचे थेंब लावून जे सांभाळलं होतं त्यात एक सरकीसुद्धा इकडची तिकडे झालेली नव्हती.

मी तशीच सरांकडे गेले आणि सगळं सांगितलं. नकाशा उघडला नव्हता हेही. ते चिडले नाहीत. ते पडद्यावरच्या डोंगराकडे बघत होते, आणि मला कळून चुकलं की त्यांना आनंद झाला आहे.

"डेटा वाया गेला नाही," ते म्हणाले. "छान. लिहू की, नोंदी पुन्हा तपासल्या."

"सर, काकाजींना परत बोलवायला हवं."

"ती जागा आता राहिली नाही. आणि बोलावून सांगायचं काय? की आम्हीच चुकलो, आणि शिक्का मारून तुला घालवलं?" ते पुन्हा पडद्याकडे वळले. "तुझं वर्ष जूनमध्ये पुरं होतंय ना? मग आता शांतपणे काम कर."

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथे चोरालाच बढती मिळत होती. मी गुळणी धरून बाहेर आले.

तरी कार्तिकात एका रविवारी स्कूटर काढून काकाजींच्या गावी गेले, हे माझ्या बाजूनं लिहिण्यासारखं एवढंच. ते घरी होते. आठवडाभर एका मॅरेज गार्डनच्या लॉनला पाणी घालायला जात, त्या दिवशी सुट्टी होती. अंगणात खाटेवर म्हातारबा बसले होते. मी उभ्यानंच सांगून टाकलं: चूक माझी होती, पानं मी उलटी घेतली, बियाणं शुद्ध होतं. काकाजी खाली बसले. मग मला म्हणाले, "हे बापूजींना सांगा. जोरात सांगा."

मी म्हातारबांपाशी गेले आणि पुन्हा सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग काकाजींनी मला जे सांगितलं ते मला आधी माहीत नव्हतं. ते पत्र धाकट्या भावानं मोठ्यानं वाचून दाखवलं होतं. आषाढात म्हातारबांनी बाजरीसाठी साफ्याचं टोक धरलं ते धाकट्यापुढे. आणि आता पंधरा दिवसांपूर्वी मोहरी पेरली, तीही धाकट्याच्या हातची. थोरला शेजारी उभा होता. शेजारची घरं तर आपोआपच वळली.

"बापूजी, आता तर ऐकलंत," काकाजी म्हणाले.

म्हातारबा माझ्याकडे वळले. "बेटी, तू भली दिसतेस. भली माणसं कुणाची नोकरी गेली की गोड बोलायला येतात. ते कागदात लिहून आलं होतं. हेही कागदात लिहून आण. मी त्याच्या हातचं घेईन. मलाही धाकट्याच्या हातचं गोड लागत नाही."

मी म्हणाले, आणते. काकाजी मला वेशीपर्यंत सोडायला आले. वाटेत त्यांनी नोकरीचं नाव काढलं नाही. फक्त म्हणाले, "बापूजींच्या पुढच्या पेरणीचा भरवसा नाही, मॅडमजी. लवकर बघा."

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसला जायच्या आधी मी कागद लिहिला. स्वतःच्या हातानं, हिंदीत, साध्या कागदावर. अमुक प्रकल्पात पानांचे नमुने मी चुकीच्या क्रमानं घेतले. बियाण्यात कुठलीही भेसळ नव्हती. काकाजींनी हाताळलेलं बियाणं शुद्ध होतं. वर तारीख घातली, प्रयोगशाळेत आम्ही चिठोऱ्यावरही तारीख घालतो. खाली सही केली. शिक्का मिळणार नव्हता, पण म्हातारबांना शिक्का नको होता, कुणाच्या तरी नावाचा कागद हवा होता. ते नाव माझं होतं.

स्वयंपाकघरातून आईनं बघितलं. तिला मी थोडक्यात सांगितलं. ती हात पुसत बाहेर आली.

"हे तू त्याच्या हाती देशीन, अन् तो घिऊन गेला हापिसात, मंग?"

"ते असं करणार नाहीत."

"तो नाही करणार, त्याचा भाऊ करन. तुह्या सहीचा कागद हाय तो. जूनलोक थांब नं बाप्पा. आधी पक्की हो, मंग दे. कागद काय पाय फुटून चालला का?"

मला आईचा राग आला नाही, हे लिहिताना मला आजही लाज वाटते. मला सुटल्यासारखं झालं. कुणीतरी हेच म्हणावं म्हणून मी कागद तिच्यासमोर लिहीत बसले होते की काय, कोण जाणे. मी तो पाकिटात घातला आणि कपाटाच्या खणात ठेवला. जून म्हणजे बाजरीच्या पेरणीच्या आधीच, अशी मी स्वतःची समजूत घातली. म्हणजे उशीर असा होतच नाही.

माघात काकाजींचा फोन आला होता. "कागदाचं काही झालं का?" मी म्हणाले, "चालू आहे." ते म्हणाले, "बरं बरं, वरचं काम असतं, वेळ लागतो." आणि त्यांनीच घाईनं फोन ठेवला, मला त्रास नको म्हणून. पुन्हा केला नाही.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात माझा कायम झाल्याचा आदेश आला. सरांनी अहवालात माझ्या काटेकोरपणाचं कौतुक केलं होतं. त्याच संध्याकाळी खणातून पाकीट काढलं, आणि रविवारी सकाळी कानोत्याच्या रस्त्याला लागले. आभाळ भरून यायला अजून अवकाश होता, शेतं नांगरून पडलेली होती. मी वेळेत आले आहे, असं मला खरोखर वाटत होतं. वाटेत मी मनात वाक्यंसुद्धा जुळवत होते, म्हातारबांसमोर कसं वाचायचं, कुठे थांबायचं.

अंगणात खाट नव्हती. काकाजींनी डोकं भादरलेलं होतं आणि केस नुकते कुठे बोटभर वाढले होते. मी काही विचारायच्या आधीच त्यांनी पाणी आणलं, बसायला वेताचा मोडा पुढे सरकवला.

"बापूजी होळीच्या आधी गेले," ते म्हणाले. "चार दिवस अंथरुणावर होते. दोनदा विचारलं, कागद आला का. मी सांगितलं, मॅडमजी धडपडत आहेत, पण त्यांच्या एकटीच्या हातात नाही. वरच्या साहेबांची सही लागते, दिल्लीला जात असेल, कुठे जात असेल. मोठ्या ऑफिसात असंच असतं. त्यांना पटलं. म्हणाले, पोरीला दोष देऊ नकोस."

मी पाकीट पुढे केलं नसतं तर बरं झालं असतं. तेवढं शहाणपण तरी मला असायला हवं होतं. पण वाटेवरून जुळवत आणलेली वाक्यं डोक्यात होती, हात आपोआप पिशवीत गेला, आणि काकाजींनी दोन्ही हातांनी पाकीट घेतलं.

त्यांनी कागद उलगडला. बियाण्याच्या माणसाची नजर आधी वरच्या कोपऱ्यात जाते, बियाणं कधीचं आहे ते बघायला. तिथे त्यांची नजर थांबली ती बराच वेळ हलली नाही. मग त्यांनी ओठ हलवत सगळा कागद वाचला, अगदी सावकाश, शेवटपर्यंत. उलटून मागची बाजू पाहिली. ती कोरी होती.

"हा तर कार्तिकातला आहे," ते म्हणाले. "तुम्ही येऊन गेलात त्याच्या दुसऱ्या दिवशीचा."



त्यांनी खाली बोट ठेवलं. "आणि सही तर फक्त तुमचीच आहे."